देवीचा सिनेमा

नंदकिशोरने पेटीचा भाता हलवला, विमलने डोळे मिटून पहिली ओळ उचलली, आणि त्याच वेळी मागच्या दाराची कडी वाजली. शामराव ढवळे दचकून उठले. मागच्या दाराने येणारं माणूस या रेल्वे क्वार्टरमध्ये एकच होतं, आणि ते शेजारी पापड लाटायला गेलेलं होतं. दिवेलागणीच्या आत ते परत येईल असं शामरावांच्या स्वप्नातही नव्हतं.

पण पीठ लवकर संपलं असावं. शामरावांच्या मातोश्री पार्वतीबाई पदराला हात पुसत बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. समोर सतरंजीवर एक अनोळखी तरुण पेटी घेऊन बसलेला, त्याच्या शेजारी सारंगी छातीशी धरलेले एक म्हातारे मियाँ, आणि मधोमध त्यांची सून मान किंचित वर करून गात होती, "आई रे आई, मैं सब छोड के आई... खोल किवाड..."

हा नंदकिशोर जयपूरजवळच्या सांगानेरचा. घरी पिढ्यान्‌पिढ्या कापडावर ठसे मारायचा धंदा. मुंबईला जाऊन तो कुण्या दिग्दर्शकाचा चौथा का पाचवा सहायक होऊन परत आला होता आणि आता स्वतःचा सिनेमा काढत होता. नाव 'चुनरी सांगानेर की'. सरळसाधी प्रेमकथा, पण गाण्यांनी ओतप्रोत भरलेली. भांडवल म्हणून वडिलांनी कापडाचे तागे दिले होते. त्यामुळे नायकाचा सदरा, नायिकेची ओढणी, हवेलीतले पडदे आणि उंटावरची झूल, सगळं एकाच ठशाचं होतं. खलनायकाला तेवढा निळा रंग दिला होता.

मुंबईची गायिका आणणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. फिल्मचे डबे सोडवायला तो जयपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात आला. तिथे शामराव क्लार्क. गप्पांत नंदकिशोर म्हणाला, तुमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एक भाभीजी गायल्या होत्या, त्या कोण ते कुणी सांगेल का? शामरावांची छाती दोन इंच फुगली. ती आमचीच, असं म्हणून ते थांबले असते तरी चाललं असतं. पण फुगलेल्या छातीच्या माणसाला थांबता येत नाही. गाईल की, असंही ते म्हणून बसले.

घरी येऊन त्यांनी विमलला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "मी? सिनेमात?" एवढंच ती म्हणाली, पण तव्यावरची भाकरी करपली. लग्न झाल्यापासून विमलच्या हातची भाकरी करपलेली शामरावांनी पाहिली नव्हती. मग ताटं वाढताना तिने हळूच विचारलं, "गाणाऱ्याचं नाव येतं का हो पडद्यावर?"

"येतं की. चांगलं हातभर अक्षरात येतं."

 त्या दिवसापासून धुणं धुताना, गहू पाखडताना ती ते गाणं ओठांत घोळवत असायची. तिला मानधन नको होतं, फोटो नको होता. ढवळ्यांची सून, शालिनीची आई, सत्तावीस नंबरच्या क्वार्टरमधली बाई, यांपलीकडे आपलं नाव कुठेतरी एकदा लिहिलेलं तिला पाहायचं होतं.

अडचण एकच होती, पार्वतीबाई. लग्न झालेल्या बाईनं देवासाठी गावं नाहीतर लेकरासाठी, तिसऱ्या कुणासाठी तोंड उघडू नये, हा त्यांचा कायदा. बार्शीहून येताना त्यांनी पोळपाट, खलबत्ता आणि हा कायदा सोबत आणला होता आणि जयपुरात त्यांतलं काहीही बदललं नव्हतं.

आणि आता त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. पेटी थांबली. सारंगीवाले मियाँही समजूतदार माणूस, त्यांनी गज खाली ठेवला. विमल मान खाली घालून बसली.  पार्वतीबाईंनी सगळ्यांना एकदा नीट न्याहाळलं, मग लेकाकडे वळल्या.

"आईचं गाणं हाय व्हय रं? आईला दार उघड म्हणायलीय."

आता, हिंदीत 'आई' म्हणजे 'आली', हे शामरावांना ठाऊक होतं. गाण्यातली नायिका घरदार सोडून प्रियकराच्या दाराशी येऊन उभी होती आणि त्याला कडी काढायला सांगत होती. पण बार्शीकडच्या माणसाच्या कानावर 'आई' पडलं की आधी तुळजापूरची भवानी उभी राहते, जन्मदात्रीचा नंबर त्यानंतर. देवीला दार उघडायला सांगायचं ही तर आपल्याकडची जुनीच रीत. शामरावांनी विमलकडे पाहिलं, नंदकिशोरकडे पाहिलं, आणि मान हलवली. ते खोटं बोलले नाहीत. खोटं बोलणं वेगळं आणि मान हलवणं वेगळं, असं त्यांचं तेव्हापासून ठाम मत झालं.

"आन सिनेमाचं नाव काय?"

नंदकिशोरला प्रश्न कळला. तो अदबीने म्हणाला, "चुनरी, माँजी. चुनरी सांगानेर की."

"चुनरी म्हंजे देवीचीच," पार्वतीबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

इथवर सगळं शामरावांच्या बाजूने झालं. पुढे मात्र देवीचं गाणं म्हटल्यावर जे जे आलं ते ते सगळं आलं. चपला घालून खोलीत यायचं नाही. विडी ओढायची तर पार रुळांच्या पलीकडे जाऊन. पेटीपुढे तांब्याचा कलश, त्यावर नारळ. रेकॉर्डिंग करायचं ते मंगळवारी, आणि मंगळवार म्हणजे उपास. नंदकिशोर, सारंगीवाले मियाँ आणि ढोलकवाला यांना पार्वतीबाईंनी समोर बसवून साबुदाण्याची खिचडी खाऊ घातली. ढोलकवाल्याने तीनदा मागून घेतली आणि पुढचा मंगळवार कधी, म्हणून चौकशी केली. नंदकिशोर तर भारावूनच गेला. मुंबईत मोठमोठे गाणारे पाहिले पण ही साधना कुठे पाहिली नाही, असं तो शामरावांना बाजूला घेऊन म्हणाला. शामरावांनी पुन्हा मान हलवली.

स्टुडिओचा प्रश्न नव्हताच, कारण स्टुडिओच नव्हता. रेकॉर्डिंग क्वार्टरमध्येच व्हायचं होतं. खिडक्यांना गाद्या लावल्या, भिंतींवर सांगानेरी तागे सोडले, दाराच्या फटीत शालिनीची शाळेची स्वेटरं कोंबली. खातीपुऱ्याकडून येणाऱ्या मालगाडीचा नेम नसायचा, म्हणून शामराव अंगणात उभे राहून सिग्नलवर डोळा ठेवत होते. दोनदा गाणं अर्ध्यावर असताना इंजिनाने शिट्टी दिली. एकदा भंगारवाला ओरडला. मग टेपच्या शेवटच्या रिळावर आल्यावर सिग्नल पडलेला नाही अशी खात्री करून शामराव आत आले आणि दाराला पाठ लावून खाली बसले.

विमल गायला लागली.

शामरावांनी तिचं गाणं ऐकलेलं होतं. म्हणजे तांदूळ निवडताना कानावर पडलेलं होतं. आज काहीतरी वेगळंच होतं. ही बाई आपल्या घरात वावरते, आपला डबा भरते, बटण तुटलं तर लावून देते, आणि हिच्या गळ्यात हे एवढं होतं? पहिल्या 'आई'ला तिने सूर असा लावला की ढोलकवाल्याचा हात क्षणभर हवेत राहिला. दुसऱ्या कडव्यात नायिका म्हणते की मागे फिरायची वाट मीच पुसून आले. ती ओळ विमलने इतकी सावकाश म्हटली की शामरावांना श्वास घ्यायची भीती वाटली. आपण इतकी वर्षं काय ऐकत होतो, असं त्यांच्या मनात आलं आणि डोळे भरून आले. मियाँ सारंगी वाजवत होते आणि त्यांच्या दाढीतून पाणी ओघळत होतं.

शेवटचा सूर तिने हळूहळू सोडला.  आणि स्वयंपाकघराच्या दारातून, हात जोडून, खणखणीत आवाजात पार्वतीबाई म्हणाल्या, "उदो!"

टेप चालू होती. रीळ संपलं ते त्या 'उदो'वरच.

शामरावांनी कपाळाला हात लावला. नंदकिशोरने टेप पुन्हा ऐकली, एकदा, दोनदा. मग विचारलं, "शामरावजी, ये उदो क्या है?"

"वो... हमारे यहाँ खुशी में बोलते हैं. मतलब, वाह वाह."

"रहने देंगे," नंदकिशोर म्हणाला. दुसरं रीळ नसल्यामुळे त्याला निराळं काही म्हणताही आलं नसतं, पण त्याचा चेहरा सांगत होता की त्याला ते मनापासून आवडलंय.

जाताना त्याने टायटलसाठी नाव विचारलं. भाभीजींचं पूर्ण नाव काय द्यायचं? विमल चहाच्या कपबश्या उचलत होती, ती थांबली. शामरावांच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचं पोस्टर आलं, पोस्टरवर विमल शामराव ढवळे आलं, त्याशेजारी नायक-नायिका गळ्यात गळा घालून आले, आणि पोस्टरपुढे उभी असलेली आई आली. ते घाईघाईने म्हणाले, "नाम... कुमारी प्रतिमा लिख दो."

नंदकिशोरने विमलकडे पाहिलं. विमल म्हणाली, "बरं." आणि कपबश्या घेऊन आत गेली. हे 'बरं' शामरावांच्या ओळखीचं होतं. माहेरी जायचं रद्द झालं तेव्हा, साडीऐवजी प्रेशर कुकर आला तेव्हा, असंच 'बरं' आलं होतं. त्यांना वाईट वाटलं. पण वाईट वाटणं आईपुढे उभं राहण्यापेक्षा सोपं होतं, म्हणून त्यांनी तेवढंच केलं.

सिनेमा पुरा व्हायला वर्ष गेलं. तेवढ्यात पार्वतीबाईंनी जयपुरातल्या प्रत्येक मराठी घरात बातमी पोचवली की आमची विमल देवीच्या सिनेमात गायलीय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तोच विषय. मिलिटरीतले हवालदार उत्तम पवार, त्यांच्या मालनबाई मूळच्या तुळजापूरजवळच्याच. त्यांनी तर नवस बोलल्यासारखं जाहीर केलं की छावणीतल्या सगळ्या बायकांना घेऊन मी येणार. कुठल्याशा टॉकीजमध्ये फक्त सकाळचा खेळ मिळाला आहे आणि तोही गर्दी झाली तरच पुढे चालणार आहे, असं नंदकिशोर सांगून गेला. शामराव देवाला मनोमन विनवत होते की गर्दी होऊ देऊ नको. नंदकिशोरही त्याच देवाला विनवत होता. देवाने नंदकिशोरचं ऐकलं.

रविवारी सकाळी टॉकीजपुढे मिलिटरीचा ट्रक येऊन थांबला आणि त्यातून नऊवाऱ्या, सहावाऱ्या उतरल्या. मालनबाईंच्या हातात ओटीचं ताट होतं; खण, नारळ, हळदीकुंकू. रेल्वे कॉलनी आधीच येऊन बसली होती. पार्वतीबाई मधल्या रांगेत मधोमध. त्यांच्या एका बाजूला विमल, तिच्यापलीकडे शामराव. मागे पुढे जयपूरचं पब्लिक, कॉलेजची पोरं, सांगानेरचे निम्मे रंगारी.

दिवे गेले. पडद्यावर नावं यायला लागली. विमल पुढे सरकून बसली. 'स्वर: कुमारी प्रतिमा' अशी अक्षरं आली, हातभर लांब, आणि गेली. विमल पुन्हा मागे टेकली. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा शामरावांना दिसला आणि त्यांना खुर्चीखाली शिरावंसं वाटलं. एक नाव, तेवढंच तिने मागितलं होतं.

सिनेमा पुढे गेला. देवी काही दिसेना. मालनबाई मागून वाकून विचारत होत्या, देवी कधी येती? पार्वतीबाई म्हणाल्या, येईल. नायकाने नायिकेचा हात धरला तेव्हा मालनबाईंनी पुन्हा विचारलं. आणि मग ते गाणं आलं. नायिका हवेलीचा जिना उतरून, गल्ल्या ओलांडून, डोक्यावर ती सांगानेरी चुनरी घेऊन धावत निघाली आणि विमलचा आवाज सगळ्या थिएटरभर पसरला.

शामराव भीतीसकट सगळं विसरले. क्वार्टरच्या खोलीत मावलेला तो आवाज इथे छतापर्यंत गेला होता. शिट्ट्या मारणारी पोरं गप्प झाली. शेंगदाण्याच्या पुड्यांची कुरकुर थांबली. पडद्यावर कॅमेरा हलत होता, उंट जरा भलतीकडेच बघत होता, नायिकेचे ओठ शब्दांच्या मागे पडत होते, आणि तरी कुणाला काही खुपत नव्हतं, कारण तो आवाज सगळं सावरून नेत होता. शेजारी बसलेल्या बाईचाच तो आवाज आहे, हे शामरावांना खरंच वाटेना. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती पदर मुठीत घट्ट धरून बसली होती.

"अगं बया," मालनबाईंचा आवाज आला, "ही तर पोरगी पळून चाललीय. ही कसली देवी?"

सगळी मराठी रांग पार्वतीबाईंकडे वळली.

"गप बसा," पार्वतीबाई म्हणाल्या. "गाणं ऐका."

प्रियकराने दार उघडलं, दोघं एकमेकांना बिलगली, आणि नेमक्या त्या क्षणी पडद्यावरून खणखणीत आवाज आला, "उदो!" मालनबाईंचे हात सवयीने जोडले गेले. मागच्या पोरांना तो शब्द असा आवडला की त्यांनी तो उचलला. उदो, उदो करत अख्खं पब्लिक टाळ्या वाजवायला लागलं. लगेच मध्यंतर झालं, दिवे लागले.

शामराव उठून आईपुढे उभे राहिले. जे व्हायचं ते होऊन जाऊ दे, असा त्यांचा चेहरा झाला होता. पण ते तोंड उघडायच्या आत पार्वतीबाईंनीच विचारलं, "शामराव, ती कुमारी प्रतिमा कोण रं?"

आई एरवी त्यांना शाम्या म्हणायची. शामराव म्हणाली म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"आई, ते गाणं देवीचं नव्हतं."

"ते मला नको सांगू. इतकी वर्सं इथं भाजी घ्यायलेय मी. दारात 'सब्जीवाली आई' म्हणून वरडतात तवा देवी येती व्हय?"

शामराव बघतच राहिले. विमलने मान वर केली.

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर नको म्हणावं लागलं असतं," पार्वतीबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेकडे न बघता तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "गळा देवीनं दिला, मी देवीचं नाव घेऊन वाट करून दिली. तुला नुसती मान हलवायची होती, ती हलवलीस. पण तिचं नाव गाळायला कुणी सांगितलं तुला?"

 मग पार्वतीबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या, सगळ्या थिएटरकडे वळल्या आणि त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, "ओ भैया, वो गाना मेरी सून गायी है."

"हाँ अम्मा, सुन रहे हैं," मागून पोरं म्हणाली.

"सुन नई रे बाबा, सून. सून म्हंजे बहू. ये बैठी है." आणि त्यांनी विमलला दंडाला धरून उभं केलं.

 मग सांगानेरचे रंगारी उठून उभे राहिले, मग पोरं, मग सगळेच. कुणी भाभीजी म्हणत होतं, कुणी बहनजी. गाणं फिर से, असा गिल्ला सुरू झाला. मालनबाईंनी एवढा वेळ सांभाळलेलं ओटीचं ताट पुढे केलं आणि भर थिएटरात विमलची ओटी भरली. देवी सापडत नाही तर ही काय वाईट, असं त्या म्हणाल्या. विमल रडतही होती आणि हसतही होती. शामराव तिच्या बाजूला पंजाबी सूट घातलेल्या कुण्या बाईची पर्स सांभाळत उभे होते. ती त्यांच्या हातात कुणी दिली हे त्यांना कळलं नव्हतं.

गर्दीतून वाट काढत नंदकिशोर आला. तो इतका हरखला होता की त्याला धड बोलता येत नव्हतं. टायटल आता बदलता येणार नाही, पण जाहिरातींच्या काचा दाखवायचं यंत्र वर आहे आणि कोरी काचही आहे, एवढं त्याने सांगितलं. पूरा नाम क्या लिखूँ, असं त्याने शामरावांना नव्हे, पार्वतीबाईंना विचारलं. पार्वतीबाईंनी त्याच्या कानात सांगितलं आणि तो जिन्याकडे पळाला.

घंटा झाली. दिवे गेले. आधी दंतमंजनाची काच आली, मग साड्यांच्या दुकानाची. मग घाईघाईत शाईने लिहिलेली, जराशी तिरकी, अजून ओली असल्यामुळे खालून ओघळलेली काच पडद्यावर आली.

'स्वर: विमल पार्वती ढवळे'.

टाळ्यांनी थिएटर दणाणलं. विमलने ते नाव ओठ हलवत वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि मग तिच्या काहीतरी लक्षात आलं. आपल्याकडे बाईच्या नावापुढे कुणाचं नाव लागतं हे काही सांगायला नको. ती शामरावांकडे झुकून म्हणाली, "अहो, तुमचं नाव राहिलं की."

"राहू दे," शामराव म्हणाले. 

मागून कुणीतरी त्यांना गप्प बसायला सांगितलं. ऑपरेटरने रीळ मागे नेलं होतं, नायिका पुन्हा जिना उतरत होती, आणि विमलचं गाणं सुरू झालं होतं.